गेम बनवण्यासाठीचा पीसी: आज काय घ्यायचं आणि पुढे कशात भर घालायची

खेळणाऱ्याचा पीसी एका वेळी एकच मोठं काम करतो. बनवणाऱ्याच्या पीसीवर गेम इंजिनचा, म्हणजे ज्यात गेम बनवतात त्या प्रोग्रामचा, एडिटर उघडा असतो, शेजारी ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेल बनवण्याचं साधन, मागे कोड एडिटर, ब्राउझरच्या तीसेक टॅब, आणि हे सगळं चालू असतानाच कंपाइल, म्हणजे कोडचं चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतर, सुरू होतं. त्यामुळे गेमिंग पीसीची यादी उचलून त्यावर गेम बनवायला बसलं की पैसे एकीकडे जातात आणि अडचण दुसरीकडेच निघते.

बजेट मोजकं असताना मी सगळा हिशेब एका फरकावर उभा करतो. पीसीचे काही भाग असे असतात की नंतर त्यांत भर घालता येते, आणि काही भाग बदलावेच लागतात. एसएसडीत भर घालता येते: जुनी जागेवर राहते, नवी शेजारच्या स्लॉटमध्ये बसते, आधी घातलेला एकही पैसा वाया जात नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड बदलावे लागतात. जुना भाग विकून किमतीचा काही हिस्सा परत मिळतो, बाकीचा गेलाच. मदरबोर्ड बदलायचा तर अख्खं मशीन उलगडावं लागतं. म्हणून जे बदलायला जड, त्यात आज नीट पैसे घालायचे आणि जिथे भर घालता येते तिथे आज हात आखडता घ्यायचा. रॅम भर घालण्याजोगी वाटते, पण डीडीआर५ ही रॅमची नवी पिढी आल्यापासून तिथे एक मोठा खड्डा आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात.

## आधी आपली वाट मोजा

काहीही विकत घेण्याआधी आहे त्या मशीनवर दोन-तीन दिवस एक वही ठेवा. ज्या ज्या वेळी तुम्ही हात बांधून पडद्याकडे बघत बसता, ती प्रत्येक वेळ लिहा: कशाची वाट बघत होतो, किती मिनिटं, दिवसातून किती वेळा. त्याच वेळी टास्क मॅनेजर उघडून चार आकडे बघा. प्रोसेसरचे सगळे कोअर (एकाच वेळी स्वतंत्र काम करणारे भाग) भरलेत की एकच? मेमरीत ‘कमिटेड’, म्हणजे सगळ्या प्रोग्रामनी मिळून मागून ठेवलेली मेमरी, किती आहे? ग्राफिक्स कार्डची डेडिकेटेड मेमरी किती वापरात आहे? डिस्क शंभर टक्क्यांना टेकली आहे का?

मग चित्र स्पष्ट होतं. सगळे कोअर भरलेले असतील तर जास्त कोअर लागतील. एकच कोअर धावतोय आणि बाकीचे बसून आहेत असं असेल तर जास्त कोअर घेऊन काही होणार नाही, वेगवान कोअर हवा. कमिटेडचा आकडा रॅमच्या पुढे गेला असेल तर दुसऱ्या कशालाही हात लावण्याआधी रॅम.

अनरिअल, युनिटी की गोडो, इंजिनप्रमाणे ही वाट वेगळी असते. अनरिअलमध्ये सी++ लिहीत असाल तर कंपाइल आणि शेडर (रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्राम) तयार करणं ही दोन्ही कामं मिळतील तेवढे कोअर खातात. शेडरसाठी तर इंजिन वेगवेगळ्या प्रोसेस सुरू करून काम वाटून देतं. नुसत्या ब्लूप्रिंटवर, म्हणजे कोड न लिहिता ठोकळे जोडून, काम करत असाल तर कंपाइलची वाट जवळपास नसते, पण शेडरची असतेच. युनिटीत रोजचा वैताग म्हणजे स्क्रिप्ट बदलल्यावर आणि प्ले दाबल्यावर होणारा डोमेन रीलोड, म्हणजे सगळा कोड पुन्हा भरणं. तो बहुतेक एकाच कोअरवर चालतो, म्हणून बारा कोअरचा प्रोसेसर घेऊनही तो फारसा हलत नाही. त्यावर पहिला उपाय फुकटचा आहे: प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये एंटर प्ले मोडच्या पर्यायात प्ले दाबल्यावरचा डोमेन रीलोड बंद करता येतो; स्क्रिप्ट बदलल्यावरचा मात्र होतोच. हा पर्याय २०१९.३ आवृत्तीपासून आहे. फक्त स्टॅटिक व्हेरिएबल्स स्वतः पूर्ववत करण्याची शिस्त लागते. युनिटीतच आयएल२सीपीपीने (कोड सी++ मध्ये बदलणारं युनिटीचं साधन) बिल्ड, म्हणजे चालवता येणारा गेम, काढायचा असेल तर तिथे मात्र सी++ कंपाइल होतं आणि कोअर कामाला येतात. गोडो या बाबतीत फार हलकं आहे. जीडीस्क्रिप्ट या गोडोच्या स्वतःच्या भाषेत छोटा टूडी गेम करणाऱ्याने या लेखातल्या निम्म्या गोष्टी सोडून द्याव्यात आणि वाचलेले पैसे चांगल्या मॉनिटरवर घालावेत.

## सॉकेट ठरवा, बाकी सगळं त्यावरून ठरतं

पुढे वाढवायचा पीसी म्हटलं की पहिला निर्णय सॉकेटचा, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेचा. एकाच सॉकेटवर किती पिढ्यांचे प्रोसेसर बसतात यावर पुढची चार-पाच वर्षं ठरतात. एएमडीचा एएम४ हा इथला आदर्श. २०१७ ला एएमडीचे पहिले रायझन प्रोसेसर आले तेव्हा ज्यांनी एएम४ घेतला, त्यांतल्या अनेकांना बायोस (बोर्डचा मूळ प्रोग्राम) अपडेट करून त्याच बोर्डवर ५००० मालिकेचे प्रोसेसर बसवता आले. सप्टेंबर २०२२ ला एएम५ आला. त्यावर ७०००, ८००० आणि ९००० मालिका बसतात, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही या सॉकेटला साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे. नवा पीसी जुळवणाऱ्याला म्हणूनच मी एएम५ सुचवतो.

इंटेलच्या बाजूला एलजीए १७०० वर १२, १३ आणि १४ अशा तीन पिढ्या बसल्या आणि ऑक्टोबर २०२४ ला एलजीए १८५१ हे नवं सॉकेट आलं. इंटेल वाईट आहे असं अजिबात नाही. कोअर अल्ट्रा ७ २६५के मध्ये २० कोअर आहेत आणि कंपाइलसाठी तो फार चांगला प्रोसेसर आहे. एकदा घेऊन पाच वर्षं प्रोसेसरला हातच लावायचा नाही असं ठरवलं असेल तर तो जरूर बघा. जुना १३व्या किंवा १४व्या पिढीचा वरच्या फळीतला प्रोसेसर हाती येत असेल तर मात्र बोर्डचा बायोस अद्ययावत करूनच वापरा. त्या प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे इजा होत होती आणि इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली दुरुस्ती, जी बायोसमधून येते) दिला. आधीच झालेली इजा अपडेटने भरून येत नाही, त्यामुळे सेकंडहँड घेताना जपून.

एएम४ अजूनही एका माणसासाठी योग्य आहे: ज्याच्याकडे चांगली डीडीआर४ रॅम आधीच पडून आहे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, कारण मेमरी बनवणारे कारखाने एआय सर्व्हरच्या मागणीकडे वळले. अशा वेळी हाताशी ३२ जीबी डीडीआर४ असेल तर ती मोठी ठेव आहे. तिच्यावर ५७००एक्स किंवा ५९००एक्स बसवून अजून बरीच वर्षं काम करता येईल.

## प्रोसेसर: नावातलं एक अक्षर

एएम५ वर सुरुवात सहा कोअरच्या रायझन ५ ७६०० पासून करायला हरकत नाही. सोबत कूलर येतो, वीज कमी घेतो, आणि आत छोटं ग्राफिक्स आहे. हे छोटं ग्राफिक्स गेमसाठी नाही, पण कार्ड बिघडलं किंवा यायला उशीर झाला तरी मशीन चालू राहतं आणि दोष कुठे आहे ते शोधता येतं. नावापुढे एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये हे नसतं. थोडं वाचतं म्हणून मी एफ घेणार नाही.

अनरिअलमध्ये रोज सी++ लिहिणाऱ्याने मात्र आठ कोअरपासून सुरुवात करावी, जमल्यास बारा. इथे बिगर-एक्स मॉडेल मला आवडतात. बारा कोअरचा ७९०० हा ६५ वॅटच्या वर्गातला आहे, सोबत कूलर देतो, आणि एक्सवाल्या भावंडाच्या जवळपास काम करतो. थ्रीडी कॅशवाले (कॅश म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) एक्स३डी प्रोसेसर खेळण्यासाठी उत्तम आहेत. कंपाइलमध्ये त्या कॅशचा फायदा फारसा दिसत नाही, म्हणून त्याच पैशांत जास्त कोअर मिळत असतील तर बनवणाऱ्याने कोअर घ्यावेत.

आता सावध करणारी गोष्ट. रायझन ७ ५७००एक्स आणि रायझन ७ ५७०० ही नावं भावाभावांची वाटतात, पण आतली चिप वेगळी आहे. नुसत्या ५७०० मध्ये एल३ कॅश ३२ ऐवजी १६ एमबी आणि पीसीआयई, म्हणजे कार्ड आणि एसएसडीशी जोडणारा दुवा, चौथ्याऐवजी तिसऱ्या पिढीचा. ५५०० चं तसंच. एएम५ वर ८७००जी, ८६००जी, ८७००एफ, ८४००एफ हे मूळ लॅपटॉपच्या चिपवर आधारलेले आहेत. त्यांतही कॅश १६ एमबीच, आणि ग्राफिक्स कार्डला सोळाऐवजी आठच लेन (त्या दुव्यातल्या वाटा) मिळतात. नाव आकर्षक आणि भाव कमी दिसला की आधी निर्मात्याच्या पानावर एल३ कॅश आणि पीसीआयईची ओळ वाचा. दोन मिनिटांचं काम आहे.

## मदरबोर्ड: इथे कंजुषी नको

आज सहा कोअर आणि तीन वर्षांनी सोळा कोअर असा बेत असेल, तर तो बेत खरा ठरवणारा भाग मदरबोर्ड आहे. प्रोसेसरला वीज पुरवणारी व्यवस्था, ज्याला व्हीआरएम म्हणतात, ती स्वस्त बोर्डवर तुटपुंजी असते. ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट मागतो. सोळा कोअरचा ७९५०एक्स २३० वॅटपर्यंत जातो, ९९५०एक्स २०० पर्यंत. ज्या बोर्डच्या व्हीआरएमवर धड हीटसिंकही नाही, त्यावर सोळा कोअर बसेल, चालूही होईल, पण तासभराच्या बिल्डमध्ये तापून वेग खाली आणेल. गेम खेळताना हे कधी जाणवणार नाही. कंपाइल आणि लाइट बेकिंगमध्ये (प्रकाश आधीच मोजून ठेवण्याच्या कामात) सगळे कोअर सलग राबतात, तेव्हा ते उघडं पडतं.

बी६५० किंवा बी८५० चिपसेट बहुतेकांना पुरतो. बी८४० मात्र नावाने बी८५० च्या शेजारचा वाटला तरी बराच खालचा आहे. बोर्ड निवडताना मी पुढच्या गोष्टी बघतो: व्हीआरएमवर नीट हीटसिंक, एसएसडीसाठी कमीत कमी दोन आणि शक्यतो तीन एम.२ स्लॉट, आणि प्रोसेसर न बसवता पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करण्याचं बटण. हे बटण क्षुल्लक वाटतं, पण पुढच्या पिढीचा प्रोसेसर आणल्यावर बोर्ड त्याला ओळखत नसेल तर तेच उपयोगी पडतं. बोर्डचं मॅन्युअल विकत घेण्याआधीच डाउनलोड करून एम.२ चं पान वाचा. काही बोर्डवर एक एम.२ स्लॉट वापरला की साटाचे (जुन्या पद्धतीच्या डिस्कचे) पोर्ट किंवा खालचा पीसीआयई स्लॉट बंद होतो, आणि ते त्याच पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. दिव्यांची झगमग, आवाजाच्या चिपची मोठी नावं, वाय-फायची अगदी नवी पिढी यांसाठी जास्त पैसे देऊ नका.

## रॅम: भर घालू म्हणणाऱ्यांचा खड्डा

अनरिअलच्या दस्तऐवजात ३२ जीबी रॅमची शिफारस आहे. ती कुठून येते हे समजून घेतलं तर आपला आकडा आपल्याला काढता येतो. अनरिअलचं बिल्ड टूल साधारण एका फिजिकल कोअरमागे एक कंपाइल प्रोसेस चालवतं, आणि प्रत्येक प्रोसेससाठी १.५ जीबी मोकळी मेमरी आहे का ते आधी तपासतं. मेमरी कमी असेल तर ते प्रोसेसची संख्या घटवतं आणि लॉगमध्ये तसं नोंदवतं. समजा सोळा कोअरचा प्रोसेसर घेतला आणि रॅम ३२ जीबी. एडिटर, ब्राउझर आणि बाकी पसाऱ्याने १४ जीबी घेतली. उरली १८. त्यात प्रत्येकी १.५ प्रमाणे बाराच प्रोसेस बसतात. चार कोअर विकत घेतले आणि ते बसून राहिले. कोअर वाढवाल तशी रॅम वाढवावी लागते ती अशी. आठ कोअरला ३२ जीबी आणि बारा-सोळा कोअरला ६४ जीबी हे माझं माप आहे. युनिटीत मध्यम आकाराच्या कामाला ३२ पुरते, गोडोत १६ मध्येही भागतं.

आता खड्डा. डीडीआर४ च्या काळात आपण दोन स्टिक घ्यायचो आणि पैसे आले की आणखी दोन घालायचो. एएम५ वर डीडीआर५ च्या चार स्टिक बसतात, पण वेग पडतो. ९००० मालिकेसाठी एएमडीचा रॅमच्या वेगाचा अधिकृत आकडा दोन स्टिकला ५६०० आणि चार स्टिकला ३६०० आहे. मी स्वतः या वाटेने गेलो आहे. १६-१६ च्या दोन स्टिक ६००० वर छान चालत होत्या, त्याच मॉडेलच्या आणखी दोन आणून घातल्या. ६००० वर मशीन सुरूच होईना. वेग उतरवत आणला तेव्हा चालू झालं, पण मोठ्या बिल्डच्या मध्ये कंपाइलर दर वेळी वेगळ्याच फाइलवर कोसळायचा. दोन आठवडे मी माझ्या कोडमध्ये चूक शोधत होतो. शेवटी चारही स्टिक काढून ३२-३२ च्या दोन घातल्या आणि त्रास संपला. पैसे दोनदा गेले.

म्हणून चार स्लॉट दिसले तरी ते दोनच आहेत असं धरून चाला. ६४ जीबीची गरज आज दिसत असेल तर आजच ३२-३२ ची जोडी घ्या. पैसे कमी असतील तर एक वाट आहे जी फारसं कोणी सांगत नाही: आज ३२ जीबीची एकच स्टिक घ्या आणि नंतर तिच्याच मॉडेल क्रमांकाची दुसरी आणा. एका स्टिकवर मेमरीची बँडविड्थ निम्मी होते. गेम चालवताना ते जाणवतं, पण एडिटरच्या कामात मेमरी अपुरी पडण्यापेक्षा ते खूप बरं. अशा रीतीने रॅममध्ये खरोखर भर घालता येते. दुसरी स्टिक मात्र फार लांबणीवर टाकू नका. तेच मॉडेल बाजारात राहील याची खात्री नसते, आणि मॉडेल तेच असूनही आतल्या चिप बदलू शकतात.

वेग म्हणाल तर ६००० आणि एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगावर चालवण्याची बायोसमधली तयार मांडणी. त्यापुढच्या आकड्यांसाठी पैसे देऊ नका.

विंडोजची पेजफाइल (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर ठेवलेली जागा) रॅम भरपूर आहे म्हणून कधीही बंद करू नका. मोठ्या सी++ प्रोजेक्टमध्ये सी१०६० किंवा सी३८५९ अशा चुका येऊ लागल्या तर कंपाइलरला मेमरी मिळत नाही असा त्याचा अर्थ. पुष्कळदा पेजफाइल मोठी केली की त्या थांबतात.

## ग्राफिक्स कार्ड: वेगाआधी मेमरी

खेळणारा फ्रेम मोजतो. बनवणाऱ्याने आधी व्हीरॅम, म्हणजे कार्डावरची मेमरी, मोजावी. कारण कार्डाची मेमरी एकट्या एडिटरला मिळत नाही. ब्लेंडर, सबस्टन्स पेंटर, ब्राउझर, दुसरा मॉनिटर, सगळे तिच्यातूनच घेतात. शिवाय तुमचे टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) अजून आवरलेले नसतात. तयार गेममध्ये जे दाबून बसवलेलं असतं ते बनवताना मोकळं पसरलेलं असतं. व्हीरॅम भरली की माहिती पीसीआयईवरून मुख्य रॅममध्ये ये-जा करू लागते आणि चांगलं वेगवान कार्डही अडखळतं.

आज ८ जीबीचं नवं कार्ड या कामासाठी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. १२ जीबी ही खालची पायरी, १६ जीबी योग्य. खालच्या पायरीवर इंटेलचं आर्क बी५८० आणि एनव्हीडियाचं जुनं आरटीएक्स ३०६० ही दोन्ही १२ जीबीत मिळणारी कार्डं आहेत. १६ मध्ये आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी. पण या दोन्ही कार्डांच्या ८ जीबीच्या आवृत्त्याही त्याच नावाने विकल्या जातात, म्हणून बिलावर १६ जीबी लिहिलेलं आहे ना ते बघा.

एनव्हीडिया की एएमडी? नुसत्या इंजिनच्या कामाला दोन्ही चालतात. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये रेंडर करत असाल, म्हणजे दृश्याचं अंतिम चित्र काढत असाल, तर एनव्हीडियाचं ऑप्टिक्स हे तंत्र अजून पुढे आहे, आणि काही साधनं कुडा या फक्त एनव्हीडियाच्या प्रणालीवरच चालतात. तुमच्या रोजच्या साधनांची यादी काढा आणि एक जरी साधन कुडावाचून चालत नसेल तर प्रश्न तिथेच मिटतो. तसं काही नसेल तर त्याच पैशांत ज्याची व्हीरॅम जास्त ते घ्या.

जुना तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईचा बोर्ड असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ५०६० टीआय आठ लेनवर चालतं, ९०६० एक्सटी सोळा लेनवर. नव्या बोर्डवर हा फरक नगण्य आहे. जुन्या बोर्डवर, विशेषतः व्हीरॅम भरल्यावर, आठ लेन अपुऱ्या पडतात.

अनरिअलमध्ये टेक्स्चर स्ट्रीमिंग पूल ओव्हर बजेट असा लाल मजकूर दिसला की बरेच जण नवं कार्ड बघू लागतात. थांबा. तो पूल म्हणजे इंजिनने टेक्स्चरसाठी ठरवून ठेवलेली हद्द आहे, कार्डाची पूर्ण मेमरी नव्हे. टास्क मॅनेजरमध्ये व्हीरॅम शिल्लक दिसत असेल तर पूलचा आकडा वाढवा, आणि चार हजार पिक्सेलचे टेक्स्चर कुठल्या कोपऱ्यातल्या बादलीला लावलेत ते शोधा.

## साठवण

मोठ्या अक्षरांत छापलेला सेकंदाला ७००० एमबी हा आकडा एका सलग मोठ्या फाइलचा असतो. गेम प्रोजेक्ट म्हणजे हजारो, कधी लाखो लहान फाइली. तिथे तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणाऱ्या) एसएसडीत फरक थोडाच, आणि पाचव्या पिढीसाठी जास्त पैसे द्यायचं कारण मला दिसत नाही. फरक पडतो तो क्यूएलसी आणि टीएलसी या एसएसडीतल्या चिपच्या दोन प्रकारांचा. स्वस्त क्यूएलसी एसएसडी सुरुवातीला जोरात लिहिते आणि तिची कॅश भरली की वेग फार खाली येतो. मोठा ॲसेट पॅक उतरवताना किंवा प्रोजेक्टची नक्कल काढताना ते लगेच कळतं. टीएलसी घ्या, पिढी चौथी, आकार आज १ टीबी. दुसरी २ टीबीची नंतर प्रोजेक्टसाठी घाला. अनरिअल सोर्समधून बांधणार असाल तर ते एकटंच शंभर जीबीच्या पुढे जातं, तेव्हा सुरुवातच २ टीबीपासून करा.

विंडोज ११ वर डेव्ह ड्राइव्ह म्हणून खास विभाग बनवता येतो, किमान ५० जीबीचा. तिथे अँटीव्हायरस फाइल उघडण्याआड येत नाही, तपासणी मागाहून करतो. प्रोजेक्ट आणि इंजिनची कॅश तिथे ठेवली तर लहान फाइलींच्या कामात फरक दिसतो आणि खर्च शून्य.

फिरणारी हार्ड डिस्क फक्त बॅकअपसाठी.

## पॉवर सप्लाय, कूलर, कॅबिनेट

पॉवर सप्लाय, ज्याला आपण सर्रास एसएमपीएस म्हणतो, तो एकामागून एक येणारे दोन प्रोसेसर आणि तीन ग्राफिक्स कार्डं बघेल असा घ्यायचा. आजच्या भागांची बेरीज करू नका, शेवटच्या पायरीची करा: प्रोसेसर २०० वॅट, ग्राफिक्स कार्ड ३००, बाकी सगळं ८०. झाले ५८०. क्षणिक उसळ्यांसाठी जागा सोडून ७५० वॅट. एटीएक्स ३.० किंवा ३.१ मानकाचा असेल तर अशा उसळ्या सोसण्याची चाचणी त्यात धरलेली असते. ८० प्लसचं सोनेरी लेबल विजेची बचत सांगतं, बांधणीचा दर्जा सांगत नाही. वॉरंटीची वर्षं हा त्याहून बरा अंदाज, सात ते दहा वर्षं असावीत. सेकंडहँड एसएमपीएस घेऊ नका. आणि एसएमपीएस बदलाल तेव्हा जुन्याच्या सुट्या केबल नव्याला कधीही लावू नका. टोक बसतं, पण आतल्या तारांचा क्रम निर्मात्यागणिक वेगळा असतो आणि एसएसडी, हार्ड डिस्क क्षणात जळते.

कूलर: आठ कोअरपर्यंत सोबतचा चालतो, आवाज सहन होत असेल तर. त्यापुढे १२० मिमी फॅनचा चांगला टॉवर एअर कूलर पुरे. वॉटर कूलरच्या पंपाचं आयुष्य मर्यादित असतं आणि या बजेटला तो नको.

कॅबिनेटला पुढून जाळी हवी, काच नको. कूलरची उंची आणि कार्डाची लांबी जुळते ना ते बघा.

## जुळवल्यावर लगेच काय तपासायचं

सगळं कॅबिनेटमध्ये कोंबण्याआधी मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम आणि एसएमपीएस एवढ्यावर चालू करा. एएम५ वर पहिल्यांदा चालू करताना मेमरीची जुळवणी होते आणि काही मिनिटं पडदा काळा राहतो. घाबरून बटण दाबू नका. मग बायोस अपडेट, मग एक्स्पो चालू, आणि रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम. एकही चूक दाखवली तर ती रॅम त्या वेगावर नको: वेग उतरवा किंवा परत करा. परत करण्याची मुदत संपण्याआधी हे उरकायला हवं.

त्यानंतरची खरी परीक्षा तुमचंच काम. प्रोजेक्टचा पूर्ण बिल्ड सगळी कॅश पुसून सलग तीनदा काढा. कंपाइलर इंटर्नल एरर देऊन दर वेळी वेगळ्या फाइलवर पडत असेल तर संशय कोडवर नको, मेमरीवर घ्या. तीनही वेळा लागलेला वेळ सुरुवातीच्या त्याच वहीत लिहून ठेवा. तिसऱ्या बिल्डला पहिल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला तर काहीतरी तापतंय.

पुढची खरेदी करण्याआधी तीच वही पुन्हा दोन-तीन दिवस भरा. वाट कुठे सरकली ते त्यात दिसेल. बहुतेकांच्या बाबतीत क्रम असा येतो: आधी रॅमची दुसरी स्टिक, मग दुसरी एसएसडी, मग कार्ड, आणि अगदी शेवटी प्रोसेसर, तोही पुढच्या पिढ्या आल्यावर आधीच्या वरच्या मॉडेलचे भाव उतरले की. तुमचा क्रम वेगळा निघाला तर वहीचं ऐका.

जुना पीसी विकू नका, फार काही येत नाही. तुमचा गेम शेवटी ज्यांच्या घरी चालणार आहे त्यांतल्या बऱ्याच जणांकडे तसंच मशीन असतं. स्टीमच्या हार्डवेअर पाहणीत अजूनही १०८० पी पडदा आणि मधल्या फळीतली कार्डंच जास्त दिसतात. दर आठवड्याला पॅकेज केलेला बिल्ड त्या जुन्या पीसीवर टाका आणि तासभर खेळा. नव्या मशीनवर जी अडखळ कधीच दिसली नसती, ती तिथे पहिल्या दहा मिनिटांत दिसते.